सप्तशृंगी गड, नवरात्रात, आईला घेऊन (ट्रॉलीने वर, पायऱ्यांनी खाली)

आम्ही नाशिकवाले सरसकट "वणीला जाऊन येतो" म्हणतो, पण ही देवी वणी गावात नाही हे बाहेरून येणाऱ्यांनी आधी लक्षात घ्या. आमचा एक मावसभाऊ पुण्याहून आला, मॅपवर वणी टाकलं आणि गावात पोचून मला फोन करतोय, अरे डोंगर कुठंय. वणीच्या पुढे नांदुरी, तिथनं दहाएक किलोमीटर घाट चढला की गड. नाशिकहून दिंडोरीमार्गे सगळं मिळून ६० किमीच्या आसपास.

पाचव्या माळेला गेलो, मी, बायको आणि आई. आईचं वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी नवरात्रातच जायचं हा हट्ट. साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपण घरात टीव्हीवर आरती बघायची का, असं तिचं म्हणणं. पहाटे साडेचारला निघालो. नवरात्रात खासगी गाड्या वर सोडत नाहीत, नांदुरीला पायथ्याशी गाडी लावायची आणि पुढे एसटी. गाडी आम्ही कुणाच्यातरी शेतात लावली, पैसे घेणारा पोरगा "चिखल नाही काका" म्हणाला आणि मी उतरलो तो घोट्यापर्यंत आत. काका म्हणाला त्याचं जास्त लागलं.

एसटीला मात्र माझ्याकडून पूर्ण मार्क. एक भरली की दुसरी लागलेलीच, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे आई आणि बायको दोघींचं मिळून माझ्या एकट्याएवढं झालं आणि ते त्यांनी मला दिवसभर ऐकवलं. घाटात ज्यांना गरगरतं त्यांनी मागच्या सीटवर बसू नका, एवढंच.

आता ट्रॉली. २०१८ पासून सुरू आहे, फनिक्युलर म्हणतात, म्हणजे दोरावर लटकणारा पाळणा नाही, रुळावरून वर ओढत नेतात, त्यामुळे उंचीची भीती असणारे पण बसू शकतात. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत त्या दोन-तीन मिनिटांत पार. पण खरं सांगू का, नवरात्रात पायऱ्या वाचतात, वेळ नाही वाचत. दोन-तीन मिनिटांच्या प्रवासासाठी आम्ही पावणेदोन तास रांगेत, आणि तेवढ्यात खान्देशातनं आलेलं एक आख्खं टोळकं आमच्यासमोर पायऱ्या चढून दर्शन करून खाली आलं सुद्धा. तरी म्हातारी माणसं, लहान बाळं, पाय अधू असलेले यांच्यासाठी ट्रॉलीच घ्या, दुसरा विचार नको. धडधाकट असाल तर उगाच गर्दी वाढवू नका, चढा.

दर्शन... हे शब्दात नीट येत नाही, पण प्रयत्न करतो. कड्यातच कोरलेली मूर्ती, आठ फूट तरी असेल, अठरा हात, हातात आयुधं, अकरा वारी साडी. मी लहानपणापासून बघतोय ती शेंदराने भरलेली, गुळगुळीत, डोळे तेवढे ठळक. २०२२ मध्ये तो शेंदराचा जुना थर काढला, त्यासाठी मंदिर दर्शनाला बंद होतं आणि नवरात्रात परत उघडलं. आई त्यानंतर पहिल्यांदाच येत होती. ती एकदम थबकली, मागून "चला माउली चला पुढे" चालूच, आणि ही म्हणते, "अगं बाई, अशी होतीस होय तू!" मान जराशी कललेली आहे ना, ती समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात ते ऐकायला, हे तिने मला साठाव्यांदा सांगितलं. मिळाली असतील जेमतेम दहा सेकंद. निवांत बघायचं असेल तर नवरात्र सोडून मधल्या वारी या.

जेवण ट्रस्टच्या प्रसादालयात करा, साधं आणि गरम. आम्ही आधी शहाणपणा करून एका हॉटेलात मिसळ खाल्ली, नाव नाही घेत, पण नाशिकच्या माणसासमोर ती मिसळ म्हणून ठेवायला धाडस लागतं. ओटीचं सामान घेताना भाव आधी विचारा. "चप्पल ठेवा, पैसे नंतर बघू" म्हणतात आणि मग नारळ, खण, बांगड्या, हार सगळं ताटात येतं आणि नंतर बघितल्यावर आपण बघतच बसतो.

येताना खरी गंमत. ट्रॉलीचं तिकीट जाऊन-येऊन काढलेलं, आणि आई म्हणते मी पायऱ्यांनीच उतरणार. का, तर पहिल्या पायरीपाशी महिषासुराचं डोकं आहे, तिथे हळदकुंकू वाहिल्याशिवाय तिची वारी पुरी होत नाही, आणि ट्रॉलीने गेलं की तो राहूनच जातो. मी म्हटलं खाली पोचल्यावर चालत जाऊ ना तिथपर्यंत. नाही. तासभर लागला, कठडा धरून, मध्ये चार ठिकाणी बसून. बसल्या बसल्या वर शिखराकडे बोट दाखवून सांगत होती, तिथे जायला धड वाट नाही तरी दरेगावचे गवळी पाटील रात्रीचे जाऊन झेंडा लावून येतात, आणि तुला पायऱ्यांचं काय कौतुक.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो चिखलाचा आणि मिसळीचा, देवीचा त्यात काही संबंध नाही. आता कोजागिरीला कावडी येतात ते बघायचंय म्हणून आईने आत्ताच टुमणं लावलंय. परतीचं न वापरलेलं तिकीट तिने कुंकवाच्या पुडीबरोबर पर्समध्ये जपून ठेवलंय, तेव्हा चालेल म्हणते.