ट्यूशन एरियातलं पान दुकान: पानाला पाच, तंबाखूच्या फळीला शून्य

मी लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवते. नीटची तयारी करणारी लेकरं जेवायला असतात, निलंगा, उदगीर, अहमदपूर, काही थेट हिंगोलीहून आलेली. रात्रीचं जेवण झालं की त्यातली बरीच जण आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या पान दुकानात थांबतात. म्हणून हे लिहितेय. लेकरांच्या आईवडलांनीही वाचावं.

आधी पान. मसाला पान उत्तम. पानं ओल्या फडक्यात ठेवलेली, गुलकंद मोकळ्या हातानं, खोबरं ताजं, चुना तोंड भाजेल इतका नाही. भाऊ प्रत्येकाला विचारतो, "सुपारी टाकू का?" मी बिनसुपारीचंच घेते. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालातच सांगितलंय. माझ्याकडं भाकरी करायला येणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं तोंड आता दोन बोटं जातील एवढंही उघडत नाही. भाकर दुधात कुस्करून द्यावी लागते. वय चाळिशीच्या आतलं.

पण मी दुकानाचं कौतुक करतेय ते पानासाठी नाही. इथं वय विचारतात. माझ्यासमोर एक मुलगा आला, तंबाखूची पुडी मागितली. भाऊ म्हणाला, "कुणाला पाहिजे रे?"

"पप्पांना."

"मग पप्पांनाच येऊ दे की."

मुलगा गेला. गिऱ्हाईक तुटलं तरी भाऊच्या तोंडावर काही दिसलं नाही. एकशेवीस-तीनशे नंबरची वासाची तंबाखू मागणाऱ्यालाही तो सरळ नाही म्हणतो, कारण सुगंधी तंबाखू राज्यात बंद आहे. गुटखा तर ठेवतच नाही. साधी पानाची तंबाखू आणि चुना, एवढंच.

आता जो वाद सध्या सगळीकडं चाललाय त्याबद्दल. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाला बंद झाला. अन्न सुरक्षा कायद्याखालचा हा आदेश एका वर्षाचाच असतो, दरवर्षी नवा काढावा लागतो. इतकी वर्षं झाली, तरी पलीकडच्या चौकात गुटखा मिळतो. फक्त तो काउंटरवर नसतो, पिशवीत असतो, आणि पिशवीतून देणारा कुणाला वय विचारत नाही. म्हणून काही जण म्हणतात, बंदी उठवा, कर लावा, उजेडात विकू द्या. त्यांचं अर्धं मला पटतं. उघड्यावर विकणाऱ्याला जाब विचारता येतो, हे मी रोज बघते. पण म्हणून गुटखा परत फळीवर आणायचा? नाही. ज्या मालात सुपारी, तंबाखू आणि वास एकत्र करून तो पोरांच्या तोंडात बसवलाय, तो बंदच राहू द्या. जी तंबाखू आजही कायदेशीर आहे, तिच्यावर आधी धाक बसवा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली चोवीस मोठी माणसं बिनधुराची तंबाखू खाणारी निघाली, ओढणारी चारसुद्धा नव्हती. आपल्याकडं दुखणं तोंडातलं आहे. आमच्या भागात बायका मिश्रीनं दात घासतात, ती तर कुणी तंबाखूत मोजतच नाही.

आणि धाक म्हणजे काय? २००३ च्या तंबाखू कायद्यात अठराच्या आतल्याला विकलं तर दंड दोनशे रुपयांपर्यंत. दोनशे रुपये! बाल न्याय कायद्यात त्याच गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण ते किती टपरीवाल्यांना माहीत आहे? शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विक्री बंद. त्या नियमात शाळा, कॉलेज, उच्च शिक्षणाच्या संस्था यांची नावं आहेत, खासगी क्लासचं नाही. आमच्या एरियात सतरा वर्षांची लेकरं दिवसभर क्लासमध्येच असतात. मग हा शंभर यार्डांचा नियम लातूरच्या काय कामाचा?

मला परवाना पाहिजे. केंद्राच्या आरोग्य खात्यानं सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं की तंबाखू विकणाऱ्याला नगरपालिका-महापालिकेचा परवाना असावा, आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किटं, वेफर्स असू नयेत. आमच्या भाऊसारख्या माणसाला त्याचा त्रास होणार नाही. पिशवीवाल्याला होईल, कारण दोनशे रुपये तो तासाभरात कमावतो, दुकानच गेलं तर कमावणार कुठून?

इथंच या दुकानाचे मार्क कापते. तंबाखूच्या पुड्या लिमलेटच्या बरणीशेजारी टांगल्यात, बारक्याचा हात पोचेल इतक्या खाली. पुडीवरचं सडलेल्या तोंडाचं चित्र भिंतीकडं वळलेलं. अठराच्या आतल्यांना विक्री नाही, हा बोर्ड आहे, पण फ्रीजमागं अर्धा झाकलेला. मी भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "करतो ताई, दिवाळीनंतर फर्निचर बदलायचंच आहे." दिवाळी कशाला? एक खिळा ठोकायचाय.

गर्दी रात्री नऊनंतर, मसाला पान तीस रुपये, फोन पे चालतं. ज्यांना सोडायचीय त्यांनी पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ वर फोन करावा, पैसे लागत नाहीत. पाचपैकी साडेतीन. पुड्या वर टांगल्या की मी रिव्ह्यू बदलते.