शाळा बुडवणारा मुलगा चोरीत सापडला: निरीक्षणगृह की घरी देखरेख?

तेरा वर्षांचा मुलगा मोबाइल चोरताना सापडला. बाल न्याय कायद्याच्या 2016च्या नियमांनुसार अशा किरकोळ गुन्ह्यात एफआयआर होत नाही; ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे (मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं हेच मंडळ ऐकतं) जातो. पुढे काय?

निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, छप्पर, जेवण, समुपदेशन मिळतं. बेघर किंवा घरात मार खाणाऱ्या मुलासाठी ते हवंच. बाकीच्यांची शाळा मात्र आणखी तुटते आणि मोठ्या मुलांची संगत लागते.

2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 12 म्हणूनच जामिनाला प्राधान्य देतं, हमीदार नसला तरी. मुलगा घरी राहतो, परिवीक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांच्या देखरेखीसाठी नेमलेला अधिकारी, लक्ष ठेवतो. माझं मत ठामपणे याच बाजूचं आहे, कारण शाळा का सुटली हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. सातवीत बसतो, पण धडा वाचता येत नाही. सर उभं करतील म्हणून दप्तर घेऊन स्टेशनवर जातो. अशा मुलाला नुसता दम देऊन काय होणार? शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळतं, ते अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांकडे बसून मागायला हवं. एकाच अधिकाऱ्यावर ढीगभर प्रकरणं असली, तर ही देखरेख कागदावरच राहते. आधी ती पदं भरा.