डायरेक्ट डेबिट १२२ पाउंडवरून थेट १९३: आमच्या गॅस-वीज कंपनीच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

स्टार आधीच देऊन टाकते, ५ पैकी २. त्यातलाही एक फक्त तक्रार विभागासाठी, कारण शेवटी तिथेच कुणीतरी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, जे झालं ते कुठल्याही कंपनीत होऊ शकतं आणि मला लिहायचंय ते ही डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून दर महिन्याला आपोआप कापली जाणारी रक्कम, वाढवायची पद्धत कशी चालते आणि ती वाढ चुकीची असेल तर काय करायचं त्याबद्दल.

आम्ही इंग्लंडमध्ये लंडनजवळ स्लाउमध्ये राहतो, दोन बेडरूमचं टेरेस घर, म्हणजे शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागून असलेलं, मी आणि नवरा दोघंच, दोघंही दिवसभर ऑफिसात. गॅस आणि वीज एकाच कंपनीकडे, महिन्याला १२२ पाउंड जायचे आणि त्यात आमचं व्यवस्थित भागत होतं. फेब्रुवारीच्या शेवटी एक ईमेल आला की तुमच्या पेमेंटचा आढावा घेतलाय, १२ मार्चपासून दर महिना १९३ पाउंड कापले जातील. म्हणजे एका फटक्यात ७१ पाउंड जास्त, जवळजवळ ५८ टक्के! कारण काय तर एक ओळ, तुमच्या वापराचा खर्च भरून निघावा म्हणून. किती वापर, कुठला दर, कुठून काढला हा आकडा, काहीच नाही. मी तो ईमेल तीनदा वाचला, म्हटलं आपल्याच नजरेतून काही सुटतंय का, पण नाही, ईमेलमध्ये हिशोबच नव्हता.

भारतातून नवीन आलेल्यांसाठी आधी हे सांगते, कारण मलाही पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. आपल्याकडे महावितरणचं बिल येतं, त्यावर रीडिंग असतं, जेवढं वापरलं तेवढं भरायचं, विषय संपला. इथे बहुतेक लोक फिक्स्ड मंथली डायरेक्ट डेबिटवर असतात, म्हणजे कंपनी वर्षभराचा अंदाजे खर्च काढते, त्याला १२ ने भागते आणि तेवढीच रक्कम दर महिन्याला घेते. उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं तेव्हा तुमच्या खात्यात पैसे साठतात, थंडीत ते संपतात. पद्धत वाईट नाहीये, जानेवारीत एकदम मोठं बिल अंगावर येत नाही. पण सगळं त्या वार्षिक अंदाजावर उभं आहे, तो चुकला की सगळंच चुकलं.

आणि प्राइस कॅप म्हणजे बिलावर मर्यादा असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. ऑफजेमने म्हणजे इथल्या नियामक संस्थेने २०१९ पासून जी कॅप लावलीय ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो-नसो लागणारा ठरावीक आकार) आहे, हल्ली ती दर तीन महिन्यांनी बदलते. तुमचा वापर कंपनीने चुकीचा धरला तर कॅप तुम्हाला वाचवत नाही. मी कंपनीला पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने मला हेच कारण दिलं की मॅडम कॅप बदलली म्हणून वाढलं असेल. मी विचारलं, दर ५८ टक्क्यांनी वाढले का? तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी मागच्या चार महिन्यांची बिलं काढून बसले. वीजेचं रीडिंग ठीक, स्मार्ट मीटरवरून आलेलं. गॅसच्या रीडिंगपुढे मात्र नोव्हेंबरपासून प्रत्येक बिलावर बारीक अक्षरात एस्टिमेटेड, म्हणजे अंदाजे! स्मार्ट मीटर आहे म्हणजे रीडिंग आपोआप जातं असं मी धरून चालले होते. आमच्यासारख्या सेटअपमध्ये गॅसचा मीटर बॅटरीवर चालतो आणि आपलं रीडिंग वीजेच्या मीटरजवळच्या कम्युनिकेशन हबमार्फत (कंपनीला रीडिंग पाठवणारा छोटा डबा) पाठवतो, त्यांचं आपसातलं कनेक्शन तुटलं की वीजेचं रीडिंग जात राहतं आणि गॅसचं थांबतं. कुणी कळवत नाही. कंपनीला चार महिने माहीत होतं की रीडिंग येत नाहीये, एक मेसेज टाकला असता तर मी दोन मिनिटांत रीडिंग पाठवलं असतं. माझा सगळ्यात मोठा राग ह्याच गोष्टीवर आहे.

गॅसचा मीटर आमच्याकडे घराबाहेर पांढऱ्या प्लास्टिकच्या पेटीत आहे, त्याला ती त्रिकोणी भोकाची किल्ली लागते, ती किचनच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली सापडली. संध्याकाळी साडेसहाला अंधारात टॉर्च घेऊन गेलो, नवऱ्याने झाकण धरलं, मी बटण दाबलं तेव्हा स्क्रीन जागी झाली. ०४०८२ आणि पुढे पॉइंटनंतरचे तीन आकडे, ते सोडून द्यायचे. बिलावर होतं ०४५१२. मी फोनवर बिल उघडून दोन्ही आकडे शेजारी शेजारी धरले आणि पुन्हा पुन्हा बघितले. ४३० युनिटचा फरक, म्हणजे जो गॅस आम्ही जाळलाच नाही त्याचे पैसे लावले होते. लगेच फोटो काढला, तारीख-वेळ दिसेल असा.

हे ४३० म्हणजे घनमीटर हं, पैसे किलोवॉट-अवरवर लागतात. रूपांतर बिलाच्या मागेच छापलेलं असतं, घनमीटरला १.०२२६४ ने गुणायचं, मग कॅलरीफिक व्हॅल्यूने, म्हणजे एक घनमीटर गॅसमधून किती उष्णता मिळते त्या आकड्याने, गुणायचं, आमच्या बिलावर ती ३९.२ होती, आणि ३.६ ने भागायचं. ४३० चे झाले साधारण ४,७८८ किलोवॉट-अवर. आमचा गॅसचा दर साडेसहा पेन्स, म्हणजे ३११ पाउंड. आणि खात्यात दाखवलेली थकबाकी किती तर २९८ पाउंड! म्हणजे आम्ही कंपनीचं देणं लागतच नव्हतो, उलट १३ पाउंड आमचेच जमा होते. घरी मीटर जुना इंपीरियल असेल, शंभर घनफुटांच्या युनिटांत मोजणारा, तर रूपांतरात आणखी एकदा २.८३ ने गुणावं लागतं, आणि मेट्रिक मीटरला चुकून इंपीरियल धरलं तर बिल जवळजवळ तिप्पट येतं, त्यामुळे मीटरवर घनमीटर लिहिलंय का घनफूट हेही एकदा बघून घ्या.

आता एवढा मोठा अंदाज आला कुठून? हे कळायला मला दोन दिवस लागले. त्याच्या आदल्या थंडीत माझे आई-बाबा साताऱ्याहून आले होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे होते. आईचे गुडघे थंडीत धरतात, त्यात घरात दिवसभर दोघंही असायचे, त्यामुळे हीटिंग सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच. आईला स्वेटरवर शाल घेऊन बसलेलं बघून मीच थर्मोस्टॅट २२ वर ठेवायचे, त्या बिलाचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. पण ह्या थंडीत ते नव्हते, आम्ही सकाळी तासभर आणि संध्याकाळी तीन तास हीटिंग लावायचो. रीडिंग यायचं बंद झाल्यावर कंपनीच्या सिस्टिमने मागच्या थंडीचा वापर उचलून ह्या थंडीला चिकटवला आणि वर तोच पुढच्या वर्षभराचा अंदाज म्हणून धरला. म्हणजे आकडा हवेतून आलेला नव्हता, पण आमच्या आजच्या घराचा नव्हता.

हे सगळं घेऊन पुन्हा फोन केला. ४८ मिनिटं होल्डवर. पलीकडच्या मुलीने रीडिंग घेतलं, थँक्यू म्हणाली, आणि म्हणाली की रक्कम सिस्टिमने ठरवलीय, मी फार तर १७८ करू शकते, त्याखाली स्क्रीन जाऊच देत नाही. मी म्हटलं ताई, रीडिंग बदललं, थकबाकी गेली, मग रक्कम तीच कशी? तर पुन्हा सिस्टिम. ती मुलगी वाईट नव्हती, तिच्या हातात काही दिलेलंच नव्हतं. पण ग्राहकाला सिस्टिम म्हणते हे उत्तर होऊच शकत नाही. कंपन्यांच्या लायसन्समध्येच अट आहे की फिक्स्ड डायरेक्ट डेबिटची रक्कम त्या वेळी उपलब्ध असलेल्या सगळ्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवरून ठरवायची आणि ती कशी ठरवली ते ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. माझ्याकडे मीटरचा फोटो होता, त्यांच्याकडे मागच्या वर्षीचा अंदाज होता, ताजी माहिती कुठली हे सांगायला वकील लागत नाही.

आणि हा काही एकट्या माझा प्रॉब्लेम नाही. २०२२ मध्ये दर भडकले तेव्हा ऑफजेमने तपासणी केली होती, फेब्रुवारी ते एप्रिल ह्या तीन महिन्यांत व्हेरिएबल टॅरिफवरच्या, म्हणजे बदलत्या दराच्या योजनेवरच्या, ७० लाखांहून जास्त ग्राहकांचे डायरेक्ट डेबिट वाढवले गेले होते, सरासरी वाढ ६२ टक्के, आणि ५ लाखांहून जास्त लोकांची रक्कम दुपटीच्या वर गेली होती. तेव्हा दर खरंच वाढले होते, तरीसुद्धा ऑफजेमने कंपन्यांना ह्या वाढी पुन्हा तपासायला लावल्या.

आमच्या ग्रुपवर एका दादांनी सल्ला दिला की बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिटच कॅन्सल कर, मग येतील धावत. करू नका हे. कॅन्सल करायचा हक्क आहे, पण डायरेक्ट डेबिट गेला की तुम्ही बिल आल्यावर भरणाऱ्यांच्या दरावर जाऊ शकता आणि तो दर जास्त असतो, शिवाय पैसे थकले तर खरोखरची थकबाकी तयार होते. बँकेची डायरेक्ट डेबिट गॅरंटीही, म्हणजे चुकून कापलेले पैसे परत द्यायची हमी, इथे फारशी कामाची नाही, ती असते न कळवता किंवा कळवलेल्यापेक्षा वेगळी रक्कम कापली तर. मला आगाऊ कळवलं होतं, चुकीचं होतं पण कळवलं होतं.

मी केलं ते इतकंच की लेखी तक्रार केली आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, ही फॉर्मल कंप्लेंट आहे. हा शब्द महत्त्वाचा आहे, नुसतं चॅटवर विचारलं तर ती चौकशी म्हणून संपून जाते, कंप्लेंट म्हटलं की नोंद होते आणि ८ आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं. ८ आठवड्यांत सुटलं नाही किंवा त्यांनी डेडलॉकचं पत्र (आमच्याकडून आणखी काही होणार नाही असं) दिलं तर एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत आणि त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केला तर कंपनीला पाळावाच लागतो. ईमेलमध्ये मी तीन गोष्टी मागितल्या: वर्षाला गॅसचे आणि वीजेचे किती किलोवॉट-अवर धरले, कुठल्या दराने, आणि सुरुवातीला खात्यात किती रक्कम धरली. सोबत मीटरचा फोटो आणि माझा हिशोब. वर्षाला वीज २,४०० म्हणजे ६२४ पाउंड, गॅस ९,००० म्हणजे ५८५, दोन्हींचा स्टँडिंग चार्ज रोज ८३ पेन्स म्हणजे ३०३. एकूण १,५१२, भागिले १२, महिना १२६. खाली एवढंच लिहिलं की ह्यात कुठे चुकतंय ते दाखवा.

नवव्या दिवशी उत्तर आलं आणि खरं सांगते, पहिल्यांदाच बरं वाटलं. तक्रार विभागातल्या बाईंनी स्वतः फोन केला, आकडे उघडून बसल्या होत्या. त्यांच्या सिस्टिमने गॅस धरला होता १६,८०० किलोवॉट-अवर! जवळजवळ दुप्पट. त्यात ती २९८ ची थकबाकी १२ महिन्यांत वसूल करायची म्हणून महिन्याला २५ पाउंड आणखी. त्यांनी गोलगोल न बोलता मान्य केलं की नवीन रीडिंग घेतल्यावर हिशोब पुन्हा व्हायला हवा होता आणि झाला नाही. १९ व्या दिवशी सगळं मिटलं, नवीन रक्कम १२७ पाउंड. मधल्या काळात १२ मार्चला १९३ कापले गेलेच होते, त्यातले जास्तीचे ७१ त्या खात्यात जमा ठेवतो म्हणाल्या, मी म्हटलं नको, बँकेत परत द्या, आणि दिले. वर ३० पाउंड गुडविल म्हणून.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. सप्टेंबरमध्ये खात्यात दोन-तीनशे पाउंड जमा दिसले म्हणून लगेच परत मागू नका, ते थंडीसाठीच साठलेले असतात, काढून घेतले तर जानेवारीत रक्कम खरंच वाढवावी लागेल. थंडी संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, खातं शून्याच्या आसपास असलं की समजायचं रक्कम बरोबर आहे. तेव्हाही बरेच जमा असतील तर मागा, मागितल्यावर परत द्यायचे असा नियम आहे, आणि नाही दिले तर कारण सांगावं लागतं. आणि ज्यांना हा अंदाजाचा खेळच नकोय त्यांनी व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट मिळतो का विचारावं, म्हणजे बिल येईल तेवढेच कापले जातात, मात्र थंडीतलं मोठं बिल झेलायची तयारी हवी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आमच्या गल्लीतल्या एका गुजराती काकूंची, सत्तरीच्या पुढे, एकट्या, इंग्रजी जेमतेम. त्यांचीही रक्कम वाढली होती आणि त्यांनी संध्याकाळचं हीटिंगच बंद करून टाकलं होतं, कुणाला काही न बोलता. मी किल्ली घेऊन त्यांच्या मीटरपाशी गेले तर त्यांच्याकडेही तेच, एस्टिमेटेड. रीडिंग पाठवलं, तक्रार लिहून दिली, त्यांची अजून चालू आहे, चौथा आठवडा.

आमच्या गॅसच्या मीटरचं कनेक्शन अजून जोडलेलं नाही, इंजिनिअरची तारीख मे महिन्यातली दिलीय. तोपर्यंत मी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाहेर जाऊन फोटो काढते आणि ॲपवर रीडिंग टाकते. इंजिनिअर खरंच आला आणि मीटर चालू झाला तर तिसरा स्टार देईन.