कॉम्पास की पीएसए?
भाची एलएलएमला आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, ते गुणांत सांगणारी ही अमेरिकेतली दोन साधनं. प्रबंधासाठी यातलं कुठलं घ्यावं, इथे तिचं घोडं अडलंय.

मेहनत बघा. कॉम्पासची प्रश्नावली 137 प्रश्नांची. मित्रांपैकी किती जणांना अटक झाली, शाळेत मारामाऱ्या किती केल्या, इथपर्यंत! पीएसएला नऊच बाबी. मुलाखत नाही, वय आणि जुनी प्रकरणं कागदावरून घ्यायची.

पारदर्शकतेत तर पीएसए सरळ पुढे, गुण हातानंही मोजता येतात. कॉम्पासचं सूत्र मात्र कंपनीचं गुपित. 2016च्या लूमिस खटल्यात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते चालवून घेतलं. फक्त, शिक्षा निव्वळ त्या गुणांवर ठरवू नका, असं बजावलं. न दिसणाऱ्या सूत्राला आरोपीनं आव्हान द्यायचं कसं?

पण व्यसन, घर, नोकरी विचारतं कॉम्पासच. म्हणून जामिनावर लिहायचं तर पीएसए, शिक्षा-पुनर्वसनावर कॉम्पास.