ड्युअल-बँड फिल्टर: काही महिने वापरल्यानंतर

रंगीत कॅमेऱ्यापुढे 7 नॅनोमीटर रुंदीचे दोनच रंगपट्टे आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावून घरच्या वेधशाळेतून उत्सर्जन तेजोमेघ (स्वतः चमकणारे वायूचे ढग) टिपायचे असतील, तर खर्च सार्थकी लागतो. हायड्रोजन-अल्फा, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश, अप्रतिम मिळतो. ऑक्सिजन-3 साठी, म्हणजे ऑक्सिजनच्या निळ्या-हिरव्या प्रकाशासाठी, मात्र रात्र निवडावी लागते.

फिल्टर 656.3 आणि 500.7 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो. दिव्यांचा बहुतेक उजेड अडतो, त्यामुळे एनजीसी 7000 चा (नॉर्थ अमेरिका तेजोमेघाचा) आकार 300 सेकंदांच्या एकेका फ्रेममध्येही ओळखू येतो. चंद्र असला की गणित बदलतं. चंद्रप्रकाश निळ्या-हिरव्या बाजूला जास्त विखुरतो आणि चित्राच्या ऑक्सिजनच्या थरात ग्रेडियंट (एका बाजूने वाढत जाणारा उजेड) चढतो. म्हणून रोझेट तेजोमेघाचा निळसर गाभा आणि व्हेल (Veil) तेजोमेघ अंधाऱ्या रात्रींसाठी राखून ठेवावेत.

जोडणीत पहिली चूक अंतराची होते. 2 मिलिमीटर जाडीची काच फोकस साधारण 0.7 मिलिमीटर मागे ढकलते. फ्लॅटनर (कडेपर्यंत फोकस सपाट ठेवणारं भिंग) सेन्सरपर्यंत 55 मिलिमीटर अंतर मागत असेल, तर 55.7 ठेवा, नाहीतर कोपऱ्यातले तारे लांबट येतात. ऑफ-ॲक्सिस गायडरचा (दुर्बिणीचा माग अचूक ठेवणाऱ्या कॅमेऱ्याकडे कडेचा प्रकाश वळवणाऱ्या जोडणीचा) प्रिझम फिल्टरच्या पुढे, दुर्बिणीच्या बाजूला हवा. मागे असला तर गायडिंगला तारेच पुरत नाहीत. ऑटोफोकसचं एक्स्पोजरही 5-6 सेकंदांपर्यंत वाढवा.

फ्लॅट्सकडे (धूळ आणि कडेचा अंधार काढण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम्सकडे) खास लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त डेटा इथेच बिघडतो. पांढऱ्या एलईडी पॅनेलमध्ये 656 च्या आसपास प्रकाश कमी असतो आणि लाल चॅनेल हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) तळाशी राहतो. हिरवा जळणार नाही इतपत एक्स्पोजर वाढवा, त्याच एक्स्पोजरचे डार्क-फ्लॅट (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम्स) घ्या आणि फ्लॅट होईपर्यंत कॅमेरा फिरवू नका.

रंगीत कॅमेऱ्याच्या बायर सेन्सरवर लाल पिक्सेल चारांत एकच असतो. सिरिल या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करणाऱ्या स्क्रिप्टने दोन थर काढले की लाल गोंगाट आणि ऑक्सिजनचा गोंगाट स्वतंत्रपणे आवरता येतो. डिदरिंग (फ्रेम्सच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवणं) न करता घेतलेल्या फ्रेम्समध्ये तिरक्या रेषा उरतात. दर दोन-तीन फ्रेम्सनंतर डिदर करणं पुरेसं आहे.

खटकणारी बाब एकच: प्रखर ताऱ्यांभोवतीची वर्तुळं. फ्लेम तेजोमेघाशेजारचा अल्निटाक त्यासाठी सर्वांत कडक परीक्षा. फ/2 सारख्या वेगवान (लांबीच्या मानाने रुंद तोंडाच्या) दुर्बिणीच्या नळीत प्रकाश तिरका पडून फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो, तिथे त्या नळीसाठीच बनवलेला फिल्टर घ्यावा. कृत्तिका आणि दीर्घिका यांच्यासाठी हा फिल्टर काढूनच ठेवा. ताऱ्यांचे खरे रंग हवे असतील, तर फिल्टरविना 30 सेकंदांच्या काही फ्रेम्स घेऊन तारे नंतर जोडा.