शस्त्रक्रियागृहातील नायट्राइल हातमोजे : एका भूलतज्ज्ञाचा सहा महिन्यांचा अनुभव

गेले सहा महिने मी भूल देताना पावडरविरहित, निळे नायट्राइल (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरत आहे. हा अभिप्राय कोणा एका कंपनीविषयी नसून या प्रकाराविषयी आहे.

आमच्या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘ग्लोव्हज घातले की शीर लागत नाही’. सैल लॅटेक्स (नैसर्गिक रबराच्या) मोज्यांच्या बाबतीत ती खोटीही नव्हती, आणि म्हणूनच मोज्याच्या तर्जनीचे टोक कात्रीने कापून शीर चाचपणारे सहकारी मी पाहिले आहेत. मात्र सुई मागे घेतल्यावर सलाइनची नळी जोडेपर्यंतच्या दोन-तीन क्षणांत कॅन्युलाच्या (शिरेत ठेवायच्या प्लॅस्टिकच्या बारीक नळीच्या) तोंडाशी रक्त वर येते, तेव्हा शिरेवर दाब देणारे बोट नेमके तेच उघडे बोट असते. दिवसभर स्पिरिटने हात चोळून नखाशेजारी पडलेल्या बारीक चिरा आपल्याला दिसतही नाहीत. धडधाकट त्वचेवर रक्त लागणे आणि अशा चिरेवर लागणे यांत फार अंतर आहे.

योग्य मापाच्या नायट्राइलमध्ये ती तक्रार मला उरलेली दिसत नाही. मनगटाची नाडी स्पष्ट लागते, लहान मुलाच्या हातावरची बारीक शीरही दोन-चार दिवसांच्या सवयीने जाणवू लागते. लॅटेक्सच्या ॲलर्जीची भीती नाही. पावडरही नाही, जी अमेरिकेत 2017 पासून वैद्यकीय हातमोज्यांत बंदच आहे.

उणिवा आहेत. मायक्रोपोर (कागदी चिकट) पट्टी बोटांना चिकटते आणि ओढताना टोक फाटते. यावर उपाय म्हणजे पट्ट्या आधीच कापून ट्रेच्या कडेला लावून ठेवणे. हात ओले असताना घातल्यास मोजा मनगटापाशी फाटतो. सर्वांसाठी ‘मीडियम’चा एकच डबा मागवण्याची पद्धत तर अगदी चुकीची आहे, कारण लहान हाताच्या सिस्टरच्या बोटापुढे लोंबणारे टोक सिरिंजमध्ये अडकते आणि मग मोजे काढूनच काम होते. लॅटेक्सपेक्षा किंमत अधिक आहे, पण ती मला खटकत नाही.

मोज्याकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवे. तो सुई थांबवत नाही. सुईच्या बाहेरचे काही रक्त तो पुसून घेतो, परंतु कॅन्युलाची सुई पोकळ असते आणि तिच्या आतले रक्त तसेच आत जाते. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के, तर लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका 6 ते 30 टक्के असतो. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या तातडीच्या सिझेरियननंतर सुईला परत टोपण लावताना मला मोज्यातूनच टोचले होते. मोजा काढला तेव्हा बोटावर रक्ताचा एकच थेंब होता. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस दोन तासांच्या आत मिळाला, पण ते औषध घेण्याचे पुढचे 28 दिवस मी विसरू शकत नाही. त्यामुळे मोज्यांची ऑर्डर देणाऱ्याने त्याच कागदावर सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा आणि कर्मचाऱ्यांचे लसीकरणही लिहावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

सर्वांत मोठा दोष मात्र मोज्याचा नाही, आपला आहे. लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत ट्यूब टाकताना घसा दिसावा म्हणून वापरायचे उपकरण) रुग्णाच्या तोंडातून काढला की त्याच हाताने आपण श्वास देणारी बॅग दाबतो, व्हेपोरायझरची (भुलीचे औषध वायुरूपात सोडणाऱ्या उपकरणाची) चकती फिरवतो, मॉनिटरचा अलार्म बंद करतो आणि पेन उचलतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, आणि दुसऱ्या दिवशी ती चकती कोणीतरी उघड्या हाताने फिरवतो. मी आता ट्यूब टाकताना दोन जोड घालतो आणि ट्यूब जागेवर बसताच वरचा जोड उलटा करून लाल पिशवीत टाकतो. आतला जोड स्वच्छ राहतो आणि हात लगेच मोकळे होतात. नायट्राइलवर नायट्राइल सहज चढते, हा या मोज्यांचा मला सर्वांत आवडलेला गुण आहे.

पुढच्या खेपेस मी स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे तिन्ही डबे मागवले असून ते भूलयंत्राच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर टांगण्यास सांगितले आहे.