मास-कोलेल, व्हिन्स्टन, ग्रीन: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

परवा सोळाव्या चॅप्टरला पुस्तकाचा कणा उकलला आणि पानांचा गठ्ठा सुटून हातात आला. पुस्तक म्हणजे या तिघांचं ‘मायक्रोइकॉनॉमिक थिअरी’. भारतीय पेपरबॅक आहे, इकॉनॉमिक्स एम.ए.च्या दोन्ही मायक्रो (मायक्रोइकॉनॉमिक्स) पेपरला रोज वापरलंय. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे बदलून द्यायची मुदत संपली. अहो, जवळपास हजार पानांच्या टेक्स्टबुकचं बाइंडिंग कच्चं आहे हे कळायलाच सेमिस्टर जातं!

आणि हे पुस्तक सरळ वाचताच येत नाही, सतत मागेपुढे करावं लागतं, त्यातच कणा जातो. फर्स्ट वेल्फेअर थिअरमच घ्या, १६.सी.१ (स्पर्धात्मक बाजाराच्या समतोलात कुणाचं तरी नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचं भलं करता येत नाही, असं सांगणारं). प्रूफ छोटंसं, पण सगळी भिस्त लोकल नॉनसॅटिएशनवर, म्हणजे हातातल्या बंडलच्या (वस्तूंच्या संचाच्या) कितीही जवळ बघा, त्याहून जास्त आवडणारं काहीतरी असतंच. व्याख्या तिथे पुन्हा दिलीय, पण ती पहिल्यांदा येते तिसऱ्या चॅप्टरमध्ये. चला मागे. पण एकदा ती समोर ठेवली की प्रूफ लख्ख दिसतं: निदान तितकंच आवडणारं बंडल निदान तितक्याच किमतीचं असणार, कुणाला त्याहून चांगलं द्यायचं तर ते महागच पडणार, मग सगळ्यांची बेरीज एकूण संपत्तीच्या वर जाते, म्हणजे असं वाटप शक्यच नाही. ही अट काढली की पहिलंच वाक्य कोसळतं.

गेम थिअरीवर (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या अभ्यासावर) मी आधी नाराज होते. सात ते नऊ, तीनच चॅप्टर, आणि रिपीटेड गेम्स (तोच खेळ पुन्हा पुन्हा), त्यांच्यावरचं फोक थिअरम वगैरे बाराव्याच्या अपेंडिक्समध्ये ढकललेत, हे मला अजूनही पटत नाही. नवव्यातलं वीक परफेक्ट बेजियन इक्विलिब्रियम (समतोलात प्रत्येकाची चाल आणि त्यामागचा समज दोन्ही बघणारी व्याख्या) तर फारच कोरडं वाटलेलं. मत बदललं ते तेराव्यात, स्पेन्सच्या १९७३च्या सिग्नलिंगला, जिथे कामगार आपली कुवत शिक्षणातून कंपनीला दाखवतो. जे शिक्षण कुणी घेतच नाही ते कुणी घेतलं तर कंपनीने त्याच्याबद्दल काय समजायचं, यावर ती व्याख्या काहीच बंधन घालत नाही, म्हणून तर तिथे इक्विलिब्रियमचा ढीग पडतो. नवव्यातला कोरडेपणा तिथे वसूल झाला.

एक्सरसाइजना ए, बी, सी अशी अवघडपणाची खूण आहे पण मागे उत्तरं नाहीत. एकट्याने अभ्यास करणाऱ्यांनी हे धरून चाला, दोघं-तिघं मिळून सोडवा.

नवीन प्रत घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकडून कापून तीन भाग करून घेतले: १ ते ९, १० ते १४, आणि उरलेलं. आता तिसरा आणि सोळावा चॅप्टर शेजारी-शेजारी उघडे ठेवता येतात, प्रकाशकानेच असं दोन-तीन खंडांत काढायला हवं होतं.

नुसती गेम थिअरी हवी असेल तर एवढा खर्च करू नका, ऑस्बोर्न-रुबिन्स्टाइनचं १९९४चं पुस्तक लेखकांनीच नेटवर मोफत ठेवलंय. पूर्ण मायक्रो करायचं असेल तर मात्र हेच घ्या, सीनियरकडून जुनं मिळालं तर उत्तम, फक्त शेवटचं मॅथेमॅटिकल अपेंडिक्स शाबूत आहे ना ते बघून घ्या, कुन-टकर (बंधनं असताना कमाल किंवा किमान काढायच्या अटी) तिथेच आहे.